अण्णांचा तिसरा ठोका

फोनवर नाव आलं, 'बसूअण्णा'. सकाळची वेळ होती, मी दाढीला बसलो होतो आणि अर्ध्या गालाला फेस होता. सवयीनं मी फोन कानाला न लावता समोर टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि म्हणालो, "बोला अण्णा." खरं तर गेली बरीच वर्षं अण्णांना बोलता येत नव्हतं. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता आणि हे मला पुरतं माहीत असूनही मी दर वेळी "बोला अण्णा" असंच म्हणायचो. मग पलीकडून अण्णा आपला स्टीलचा पेला फोनजवळ धरून त्यावर चमच्याचा एक ठोका द्यायचे. टण्ण. म्हणजे, ऐकायलोय, तू बोल. त्या सकाळी मी ठोक्याची वाट बघत राहिलो. गालावरचा फेस वाळायला लागला... ठोका आला नाही. शेवटी काकूंचा आवाज आला. "सिद्धू, मी बोलायले." काकू आजवर कधीच स्वतःहून फोनवर आल्या नव्हत्या. पुढचं त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं होतं. तरी त्यांनी सांगितलंच, त्यांच्या पद्धतीनं, एक शब्द जास्त न वापरता. "गेले. चहा घेतला, पेला खाली ठेवला, अन् गेले."

अण्णा म्हणजे नळदुर्गचे बसवराजअण्णा. माझ्या वडिलांचे मावसभाऊ, सरकी पेंडीचे दुकानदार आणि नट. तुम्ही त्यांना पाहिलं असण्याची शक्यता फार कमी आहे. ऐकलं मात्र असेल. रेडिओवरच्या श्रुतिकांमध्ये एखादा म्हातारा पाटील, एखादा कीर्तनकार, एखादा घोंगडीतून बोलणारा माणूस लागला की त्यांना बोलावणं यायचं. आवाज काही फार भारी, घुमणारा वगैरे नव्हता. उलट थोडा चिरकाच होता. पोत्याला दाभण घालून दोरा ओढताना कसा आवाज होतो, तसा. पण त्या आवाजाला एक खोड होती. वाक्य सगळं सरळ यायचं आणि शेवटच्या शब्दाच्या आधी अण्णा थांबायचे. समोरचा माणूस पुढं झुकायचा. वाटायचं, विसरले की काय? आणि मग तो शब्द यायचा, खालच्या पट्टीत, जणू विहिरीत सोडलेला पोहरा आत्ता कुठं पाण्याला टेकला. दुकानातसुद्धा ते असंच बोलत. "पेंडीचा भाव वाढलाय बरं का... मालक." 'मालक' येईपर्यंत गिऱ्हाईक रिकाम्या पोत्याची घडी घालायला लागायचं.

आमच्या गावच्या जत्रेत एक नाटक व्हायचं. शाळेतल्या एका जुन्या मास्तरांनी लिहिलेलं. शहरातल्या माणसानं ते वाचलं तर पहिल्या अंकातच उठून जाईल असं. किल्ल्याच्या दरवाजावरच्या पहारेकऱ्याची गोष्ट होती. शत्रू चालून येतोय, सूर्य मावळलाय, दरवाजा बंद करायचा हुकूम सुटलाय आणि बातमी काढायला गेलेला एक शिपाई अजून परतलेला नाही. पहारेकरी हुकूम मोडतो. दोन्ही हात पसरून दरवाजात उभा राहतो आणि म्हणतो, "दरवाजा लावू नका रे... आपला माणूस अजून... बाहेर आहे." एवढंच. पहारेकऱ्याचं काम अण्णांचं. त्या वाक्याला पंचक्रोशीतली माणसं रडायची. दर वर्षी तीच माणसं, त्याच वाक्याला. ढोकीच्या कारखान्यावर गळीत हंगामात हे नाटक झालं, परंड्यात झालं, सगळीकडं तेच. लोक दोन अंक शेंगा खात बसायचे आणि तिसऱ्या अंकात टरफलं झाडून सावरून बसायचे.

या नाटकात मीही होतो, हे सांगितल्याशिवाय माझ्याच्यानं पुढं जाववणार नाही. माझी बायको म्हणते, तुमच्या कुठल्याही गोष्टीत तुमचं काम हळूहळू मोठं होत जातं. म्हणून खरं तेवढंच सांगतो. मी भाला धरून उभा राहायचो. मला एकच वाक्य होतं, "सरकारांचा हुकूम आहे!" पहिल्याच प्रयोगात मी अण्णांकडं बघत राहिलो, त्यांचं ते थांबणं बघत राहिलो आणि माझं वाक्य यायच्या वेळी मी हातातला भाला खाली ठेवून डोळे पुसत होतो. अण्णांनी पहारेकऱ्याच्याच आवाजात मला विचारलं, "हुकूम कुणाचा आहे रे... सिद्ध्या?" लोक हसले. मी म्हणालो, "सरकारांचा." नाटक पुढं गेलं. माझं नाट्यजीवन तिथंच राहिलं.

त्या दिवसांत मी एकदा त्यांना विचारलं होतं, "अण्णा, शेवटच्या शब्दाआधी किती थांबायचं? मनात आकडे मोजता का?" अण्णा पेंडीच्या पोत्यावर बसले होते. म्हणाले, "आकडे कसले मोजतोस बे. दाराकडं बघायचं. आपला माणूस येतोय का ते बघायचं. वाटेपर्यंत नजर न्यायची. न्हाय दिसला... की मग बोलायचं." मला तेव्हा ते उत्तर उडवून लावल्यासारखं वाटलं. मी मनात आकडेच मोजत राहिलो.

पुढं अण्णांना एका सिनेमात काम मिळालं. अख्खी आळी ट्रकमध्ये बसून सोलापूरला सिनेमा बघायला गेली. पुरुषांनी टोप्या धुतल्या होत्या, बायकांनी दशम्या बांधून घेतल्या होत्या. काकूंना सगळे आग्रह करून थकले, त्या आल्या नाहीत. सिनेमात अण्णा पाठमोरेच बसलेत हे त्यांना आधीच कळलं होतं. "पाठच बघायची तर घरी रोज दिसती की," असं म्हणून त्यांनी भाकरी उलटली. टॉकीजमध्ये आम्ही सगळे श्वास धरून बसलो होतो. एका प्रसंगात शेकोटीभोवती माणसं दिसली, त्यातली एक घोंगडी बोलायला लागली आणि माझे वडील, एरवी लग्नातसुद्धा मागच्या खुर्चीवर बसणारे माझे वडील, ताडकन उभे राहिले. "आमचा बसू! आमचा बसू हाय ह्यो!" मागून कुणी तरी ओरडलं, "ओ काका, खाली बसा, दिसंना." वडील मागं वळून म्हणाले, "दिसायचं काय हाय त्यात? ऐका की!"

काकूंचं आणि अण्णांच्या नटपणाचं हे असंच होतं. त्यांनी नवऱ्याचं एकही नाटक बघितलं नाही, निदान त्या तसं सांगत. "ते बोंबलणं मला घरी ऐकू येतंयच," म्हणत. प्रयोग संपवून अण्णा पहाटे घरी येत. तोवर काकू दार उघडं टाकून उंबऱ्याच्या आत वाती वळत बसलेल्या असत. शेजारणी म्हणायच्या, "अक्का, दार लावून झोपा की, कडी वाजवली की उठता येतंय." काकू म्हणायच्या, "कोण उठतंय परत परत." आणि वाती वळत राहायच्या.

ते पहारेकऱ्याचं वाक्य मात्र नाटकातून सुटून गावात मोकाट फिरायला लागलं होतं. पंगतीत कुणी उशिरा आलं की वाढप्याला कुणी तरी म्हणायचं, "भात उचलू नका रे... आपला माणूस अजून..." आणि सगळी पंगत थांबायची आणि एका सुरात "बाहेर आहे!" म्हणायची. एसटीच्या कंडक्टरनं घंटी मारली आणि एखादी म्हातारी पिशव्या घेऊन धावत येत असली की आतून हेच. सार्वजनिक संडासापाशी हेच, जरा वेगळ्या अर्थानं. हायवेला सलीमभाईंचं चहाचं हॉटेल आहे. तिथं तर ट्रकवाल्यांनाही ते पाठ झालं होतं. ड्रायव्हर गाडी चालू करी आणि त्याचा क्लीनर हातपंपावर तोंड धूत असे. मग सलीमभाई गल्ल्यावरून अण्णांच्या आवाजात हाळी देत. हैदराबादकडचा एक ड्रायव्हर होता, त्याला मराठीतलं दुसरं अक्षर येत नव्हतं, पण हे वाक्य येत होतं. त्याची समजूत अशी होती, की मराठीत 'थांबा' याला एवढं सगळं म्हणतात.

अण्णा कोपऱ्यातल्या बाकावर बसून हे ऐकत. तोंडानं म्हणत, "काय लावलंय बे सगळ्यांनी." पण चहा उगाच हळूहळू पीत. आपल्यासारखं बोलणाऱ्या चार माणसांमध्ये बसून नटाला जो आनंद होतो, तो बक्षिसाच्या ढालींनी होत नसावा. ढाली त्यांच्याकडं होत्याही. काकू त्यांच्यावर पापड वाळत घालत.

मग घसा बसायला लागला. आधी वाटलं पेंडीची धूळ. मग वाटलं ओरडून. मग सोलापूरच्या डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं आणि सरळ सांगितलं, गाठ आहे, आवाजाची पेटी काढावी लागेल, जीव वाचेल. अण्णांनी ऐकलं. म्हणाले, "काढा. पेटी काय... घरी दुसरी हाय." काकू माहेराहून आणलेल्या ट्रंकेला पेटी म्हणत. डॉक्टरांना काही कळलं नाही. काकूंना कळलं. त्या म्हणाल्या, "सुम्म कूड." त्यांच्या माहेरच्या कानडीत, गप बस. ते पेटीचं वाक्य हे अण्णांचं मी ऐकलेलं शेवटचं. आवाज असा काही जपून ठेवलेलाही नव्हता. रेडिओवरचं कुठं तरी असेल. पण पहारेकऱ्याचं वाक्य फक्त एकदा टेपवर घेतलं होतं आणि नेमकं तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या कुणा बाईचं तान्हं रडायला लागलं. त्या कॅसेटवर "आपला माणूस अजून" पर्यंत अण्णा आहेत आणि पुढं ते तान्हं आहे.

ऑपरेशन झालं, अण्णा घरी आले. गळ्याला पांढरं उपरणं, त्याखाली श्वासासाठी केलेलं छिद्र. ओठ हलायचे, शब्द तयार व्हायचे, पण त्यांना हवा मिळायची नाही. ते ओठ फक्त काकूंना वाचता यायचे. सुरुवातीला आम्ही भेटायला गेलो की तो एक प्रयोगच असायचा. अण्णा भुवया चढवून, हात फिरवून मिनिटभर ओठ हलवायचे, आम्ही उत्सुकतेनं काकूंकडं बघायचो आणि काकू सांगायच्या, "चहा म्हणायलेत." अण्णा कपाळाला हात लावायचे. पुन्हा मोठं लांबलचक काही तरी. काकू : "साखर कमी." एवढ्या मोठ्या नटाला असा भाषांतरकार मिळाला होता. अण्णांनी मग पेल्याचा मार्ग शोधला. एक ठोका म्हणजे ऐकतोय, दोन म्हणजे बरोबर आहे, आणि धडाधड वाजवला म्हणजे बायकोनं चुकीचं सांगितलं.

पण याच दिवसांत गावानं एक गोष्ट केली. कुणी ठरवलं नाही, कुणी बैठक घेतली नाही. सगळ्यांनी ते वाक्य बोलायचं सोडून दिलं. ज्या माणसाचा आवाज गेलाय त्याच्या समोर त्याच्याच आवाजाची नक्कल कशी करायची? बरं दिसत नाही. आमच्याकडं हे 'बरं दिसत नाही' फार जोरात असतं. पंगतीत कुणी उशिरा आलं तर वाढपी नुसताच थांबायला लागला. एसटीत लोक "ओ, थांबवा" म्हणायला लागले. एकदा एका पोरीच्या लग्नात कुणी तरी सवयीनं "दरवाजा लावू..." म्हणालं आणि शेजारच्यानं त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की तो गाऱ्हाण्याच्या सुरात पाणी मागायला लागला. अण्णा दोन खुर्च्या सोडून बसले होते. आम्हाला वाटलं, आपण केवढा मान राखला.

अण्णा हॉटेलात यायचे कमी झाले. मग बंदच झाले. दुकान पोरांनी चालवायला घेतलं होतं, अण्णा घरातच पाटावर बसून राहायचे. तब्येत तशी बरी होती. जेवण जात होतं. डॉक्टर खूश होते. पण माणूस उठेना. मी नोकरीला धाराशिवला असतो, तिथून एका रविवारी गेलो तर अण्णांनी माझ्याकडं बघून बराच वेळ ओठ हलवले. हात हलले नाहीत, भुवया चढल्या नाहीत. नुसते ओठ. मी काकूंकडं बघितलं. काकू पदरानं पेला पुसत राहिल्या.

"काय म्हणतेत, काकू?"

"काय न्हाय."

"सांगा की."

काकू म्हणाल्या, "म्हणायलेत, आवाज माझा काढलाय, गावाचा पण काढला का?"

आणि मी, तालुक्याच्या कचेरीत इतकी वर्षं अर्जांचे अर्थ लावण्यात घालवलेला माणूस, मला याचा अर्थ लागला नाही. मी अण्णांचा हात हातात घेतला आणि भाषण सुरू केलं. गाव तुमच्या दुःखात कसं सहभागी आहे, लोक तुमच्यासमोर किती जपून बोलतात, वगैरे. अण्णांनी माझं सगळं ऐकून घेतलं. पेल्यावर एकही ठोका दिला नाही. मग मला वाटलं, जरा बाहेर काढावं यांना. आजाऱ्याला बाहेर काढणं हा आमच्या घराण्यातला सगळ्या रोगांवरचा उपाय आहे. मी म्हणालो, "चला, सलीमभाईंकडं चहा घेऊ." ते मानेनं नको नको म्हणत होते. काकूंनी त्यांचा पेला त्यांच्या हातात दिला. म्हणजे निकाल लागला. मी त्यांना स्कूटरवर मागं बसवलं.

हॉटेलात गेलो तर सगळे उठूनच उभे राहिले. तेच चुकलं, हे मला आज कळतं. पूर्वी अण्णा आले की कुणी ढिम्म हलायचं नाही, उलट "आला बघा दरवाजा" म्हणायचे. आता बाकं पुसली, पंखा लावला. सलीमभाईंनी स्वतः येऊन अण्णांच्या पेल्यात चहा ओतला. "कैसे हैं अण्णा, तबीयत ठीक है ना?" एवढं बोलून तेही गल्ल्यावर जाऊन बसले. सगळं हॉटेल दवाखान्यासारखं. अण्णा पेल्यात बघत बसले होते.

तेवढ्यात बाहेर एक ट्रक लागला. तोच तो हैदराबादकडचा ड्रायव्हर. मधली एक-दोन वर्षं तो दुसऱ्या रस्त्याला होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. चहा प्यायला, पैसे दिले, गाडीकडं गेला आणि बघतो तर क्लीनर जागेवर नाही, हातपंपावर. तो ट्रकच्या पायरीवर चढला, एक हात दाराला, एक हात आभाळाकडं, आणि पूर्ण ताकदीनं ओरडला, "दर्वाजा लावू नक्का रे! आप्ला मान्सू अज्जूनबाहर आहे!"

हॉटेलात कढईतलं तेल तेवढं वाजत होतं. सलीमभाई गल्ल्यावरून अर्धे उठून दबक्या आवाजात म्हणाले, "अरे चूप, चूप! क्या करता बे!" ड्रायव्हर गोंधळून पायरीवर तसाच. मी खाली मान घातली. आणि मग ठोका पडला.

टण्ण.

अण्णा उभे राहिले होते. माझ्या मनात आलं, आता हे पेला फेकून मारणार. ते बाकांमधून वाट काढत बाहेर गेले, ट्रकसमोर उभे राहिले आणि हातानं खूण केली. परत.

ड्रायव्हर आमच्याकडं बघायला लागला. सलीमभाई म्हणाले, "बोल रे, बोल, अण्णा बोलने को बोल रहे." तो बिचारा घाबरून परत म्हणाला, पहिल्यापेक्षा वाईट. अण्णांनी जोरजोरात मान हलवली. मग एक हात वर धरला, जसा लहान मुलाला थांब म्हणताना धरतात. ड्रायव्हरनं तिसऱ्यांदा वाक्य सुरू केलं. 'अज्जून'ला अण्णांचा हात वरच. ड्रायव्हर थांबला. अण्णांनी मान वळवून रस्त्याकडं बघितलं, लांब, सोलापूरच्या अंगाला, जणू खरंच तिकडून कुणी यायचं होतं. बघत राहिले. क्लीनरही तोंडाला लावलेला साबण तसाच ठेवून तिकडं बघायला लागला. मग अण्णांनी हात खाली सोडला.

"...बाहर आहे," ड्रायव्हर म्हणाला. हळूच. त्याचा त्यालाच काटा आला असावा, कारण तो पायरीवरून खाली उतरला.

अण्णा हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी. सलीमभाई पुढं होऊन म्हणाले, "अण्णा... मैं बोलूँ?" आणि मग जे सुरू झालं ते मला लिहून सांगता यायचं नाही. भजीवाला बोलला, पेपर वाचणारे गुरुजी बोलले, एवढे दिवस कोंडलेली सगळी वाक्यं एकदम बाहेर पडली. लोक रांग लावून अण्णांपुढं येत आणि अण्णा पेल्यावर मार्क देत. बहुतेकांना एक ठोका. सलीमभाईंना दोन. मी म्हणालो तर एकही नाही, वर पेला उपडा ठेवला. घरी आल्यावर काकूंनी त्यांच्या ओठांकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, "लई बोलायलेत आज." पुढचं भाषांतर त्यांनी केलं नाही.

तेव्हापासून अण्णा रोज हॉटेलात जायला लागले. जत्रेच्या नाटकात पहारेकऱ्याचं काम दुसऱ्याला दिलं गेलं आणि अण्णा विंगेत उभे राहून त्याच्यासाठी हात वर धरायला लागले. मला दर रविवारी फोन यायचा. टण्ण. मी घरच्या बातम्या सांगायचो, पोरांच्या परीक्षा, माझं ब्लडप्रेशर, आणि शेवटी ते वाक्य म्हणून दाखवायचो. मग ठोके यायचे. बऱ्याच वर्षांच्या मेहनतीनं मी दोनपर्यंत पोचलो. मागून काकू ओरडायच्या, "दोन दिलेत!" मी म्हणायचो, "काकू, ऐकू येतंय मला." तीन ठोके मात्र कुणालाच कधी मिळाले नाहीत. त्या नव्या पहारेकऱ्यालाही नाही. मी एकदा घरी जाऊन भांडलोच. अण्णांनी ओठ हलवले, काकूंनी सांगितलं, "म्हणायलेत, आवाज सगळ्यांना जमलाय. वाट बघायला कुणाला येत न्हाय."

अण्णांना आमच्या लिंगायत रीतीनं बसवून माती दिली. कपाळाला भस्म, हातात लिंग, गळ्याला तेच पांढरं उपरणं. जंगमांचे मंत्र झाले. सगळं गाव होतं, सलीमभाई होते, सोलापूरहून माणसं आली होती. माती लोटायच्या आधी क्षणभर सगळे थांबले. त्या वेळी ते वाक्य प्रत्येकाच्या ओठाशी आलं होतं, मी चेहरे बघितलेत. कुणी बोललं नाही. पण या वेळचं ते गप्प राहणं 'बरं दिसत नाही' म्हणून नव्हतं.

परवा, कार्य वगैरे सगळं उरकल्यावर, मी पुन्हा काकूंना भेटायला गेलो. घरात आता पाहुणे नव्हते. पोरं दुकानात होती. काकू लसूण सोलत बसल्या होत्या. अण्णांचा पाट भिंतीला उभा लावलेला, शेजारी कोनाड्यात पेला, त्यात चमचा. मी बोलत राहिलो, कारण मला गप्प बसता येत नाही. काकू हूं हूं करत होत्या. दिवेलागण झाली. शेवटची एसटी चुकायला नको म्हणून मी उठलो. "बसा काकू, उठू नका," म्हणालो आणि चप्पल पायात घालून, डास आत येतील म्हणून, जाता जाता दार ओढून घ्यायला लागलो.

"दार लावू नको रे," आतून काकू म्हणाल्या. "आपला माणूस अजून..."

मी दाराला हात लावून तसाच उभा. वळून बघितलं. काकूंच्या हातातली पाकळी हातातच होती. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून पलीकडं, गल्लीच्या टोकाला, जिथून हायवेकडचा रस्ता वळतो, तिथं बघत होत्या. चष्मा नव्हता, त्यांना तिथलं दिसणं शक्य नव्हतं, तरी बघत होत्या. मी आकडे मोजले नाहीत. कुणी तरी सायकलवरून गेलं. ते आपलं कुणी नव्हतं.

"...बाहेर आहे," काकू म्हणाल्या.

पोत्यातून दोरा ओढल्यासारखा आवाज, बाईचा असूनही. शेवटचा शब्द पाण्याला टेकलेला. मी चप्पल काढून परत आत गेलो. कोनाड्यातला पेला घेतला आणि त्यावर चमच्यानं ठोका दिला. एक. दोन. मग तिसरा.

काकूंनी वर बघितलं. "तीन?"

"तीन."

काकूंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली, हात पदराला पुसले आणि माझ्या हातातून पेला घेतला. म्हणाल्या, "मग दे इकडं. तुझी एसटी गेलीच आता. चहा ठेवते."